कापूस विकू की ठेवू? घरचे निर्णय वहीवर मांडायची रीत

२०२२ च्या डिसेंबरात आमच्या ओट्यामागच्या खोलीत अठरा क्विंटल कापूस होता. माझं गाव जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, घरची जमीन साडेपाच एकर. व्यापारी दारात येऊन क्विंटलला ८,५०० चा भाव देत होता. आदल्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता आणि तो आकडा गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यात घर करून होता. आम्ही दिला नाही. फेब्रुवारीत भाव उतरला, तरी दिला नाही. जून २०२३ मध्ये पेरणी तोंडावर आली, हातात पैसा नाही, तेव्हा ६,९०० ने मोजून दिला. तोवर घरातल्या लेकरांच्या अंगाला कापसाची खाज सुटली होती आणि घरात बसायला जागा नव्हती.

भाव पडला हा आमचा दोष नव्हता. पण डिसेंबर ते जून या सहा महिन्यांत आम्ही एकदाही कागद-पेन घेऊन बसलो नाही, हा होता. त्याच पावसाळ्यात मुलीचं अकरावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक हातात पडलं. मला वाटायचं अर्थशास्त्र म्हणजे बजेट, रुपया-डॉलर, मोठ्या लोकांचं काम. त्यात लायोनेल रॉबिन्स या अर्थशास्त्रज्ञाची १९३२ ची व्याख्या होती. माणसाच्या गरजा पुष्कळ, साधनं मोजकी, आणि प्रत्येक साधन अनेक कामांना लावता येतं. मग माणूस निवड कशी करतो, त्याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. हे वाचल्यावर वाटलं, ही तर आमच्या घरचीच गोष्ट आहे. तेव्हापासून मी एक वही ठेवली. तीन वर्षांत ज्या पायऱ्या कामी आल्या त्या इथे देतो. उदाहरणं शेतीची जास्त आहेत, कारण आयुष्य त्यात गेलं. पण नोकरदाराला, दुकानदाराला, घर चालवणाऱ्या बाईलाही हीच रीत लागू पडते.

आधी हे जवळ घेऊन बसा

- दोनशे पानी वही. सुटे कागद नकोत, हरवतात.
- बँकेचं पासबुक, गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी भरून घेतलेलं.
- पीककर्जाचा कागद. त्यावर फेडीची शेवटची तारीख गोल करून ठेवा.
- माल विकल्याच्या हिशोबपट्ट्या, बियाणं-खताची बिलं.
- ठेवींच्या पावत्या, सोन्याच्या पावत्या, विम्याचे कागद.
- मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर. गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.
- घरातलं निदान एक माणूस, जे तुमच्या हो ला हो करत नाही.

१. प्रश्न एका ओळीत लिहा, तारीख घालून

"कापसाचं काय करायचं" हा प्रश्न नाही, ती काळजी आहे. "अठरा क्विंटल कापूस आज ८,५०० ने द्यायचा की ३१ मार्चपर्यंत ठेवायचा?" हा प्रश्न. त्यात माल किती, भाव किती, मुदत कोणती हे सगळं आलं. मुदत नसली की "बघू पुढे" सुरू होतं, आणि "बघू" हाही एक निर्णयच असतो, फक्त तो आपण घेतलेला नसतो.

२. दुसऱ्या रकान्यात लिहा: हे केलं तर काय सुटतं?

सगळी वही या एका रकान्यावर उभी आहे. पहिल्या रकान्यात आपण खिशातून जाणारे पैसे लिहितो, ते सगळ्यांनाच जमतं. जे खिशातून जात नाही पण हातातून सुटतं, ते कुणी लिहीत नाही. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. फ्रीडरिश फॉन वीझर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. साध्या भाषेत, एक वाट धरली की बाकीच्या वाटांपैकी सगळ्यात चांगली जी सुटली, तिची किंमत.

आमचंच घ्या. घरातले वडीलधारे आबा कायम म्हणत, "शेत घरचं आहे, त्याचं कुठे भाडं द्यायचंय?" खरं आहे, भाडं द्यायचं नाही. पण आमच्या शिवारात शेत नफ्याने, म्हणजे ठरलेली रक्कम घेऊन दुसऱ्याला कसायला, दिलं तर एकरी पंधरा हजार रुपये हात न लावता मिळत होते. आम्ही स्वतः कसून, सगळा खर्च वजा जाऊन, त्या वर्षी एकरी बावीस हजार उरले. म्हणजे आमच्या राबण्याची कमाई बावीस नाही, सात हजार. साडेपाच एकरांचे साडेअडतीस हजार, आणि त्यात मी, माझी बायको आणि आबा, तिघांचं वर्ष. हा आकडा पाहून आम्ही सगळं शेत नफ्याने दिलं नाही. पण बांधाकडचा दीड एकरचा हलका तुकडा, जिथे दरवर्षी सगळ्यात जास्त कष्ट आणि सगळ्यात कमी पीक, तो दिला. आकडा लिहिल्याशिवाय तो तुकडा कधीच वेगळा दिसला नसता.

या रकान्यात चार गोष्टी हमखास राहून जातात: घरची जागा, घरचं बियाणं, स्वतःचा दिवस, आणि घरातल्या बायांचा वेळ. चौथी सगळ्यात जास्त राहते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाचं मोजमाप केलं. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोजचे सरासरी २९९ मिनिटं जात होते, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. जवळपास पाच तास रोज, आणि कुठल्याही हिशोबपट्टीवर त्याची ओळ नाही. "म्हैस घेऊ, चारा तर घरचाच आहे" असं म्हणताना धारा कोण काढणार, शेण कोण काढणार, माहेरी लग्न असलं तर म्हशीजवळ कोण थांबणार, हे दुसऱ्या रकान्यात आलंच पाहिजे.

एक चूक टाळा. सुटणाऱ्या सगळ्या वाटांची बेरीज करायची नसते. शेत नफ्यानेही दिलं असतं, बटाईनेही दिलं असतं, असं दोन्ही एकदम होत नाही. सुटलेल्यांपैकी सगळ्यात चांगली एकच धरा.

३. गेलेला पैसा खोडून टाका

माझे मामा रावेरकडचे, केळीवाले. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात केळीवर कुकुंबर मोझॅक व्हायरस आला, आपल्याकडे त्याला हरण्या म्हणतात. मामांची मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमाराला लावलेली केळी, नुकती लागली होती. रोपं, ठिबक, लावणीवेळचं खत, मजुरी, सगळं होऊन गेलेलं. पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. या रोगाला औषध नाही. झाड उपटून बांधाबाहेर नेऊन नष्ट करायचं, एवढंच. मामा पंधरा दिवस उपटेनात. "एवढा पैसा घातलाय, कसं उपटू?" हा रोग मावा किडीमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. त्या पंधरा दिवसांत तो बागेत पसरला आणि शेजारच्या बागेतही गेला.

शेवटी आजी म्हणाली, "गयं ते गयं, आते पुढलं देख." अर्थशास्त्रात बुडीत खर्चाचा नियम याहून वेगळा नाही. जो पैसा कुठलाही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयाच्या हिशोबात धरायचा नाही. मामांपुढचा खरा प्रश्न होता: आजपासून पुढे हे झाड ठेवलं तर काय मिळेल आणि काय जाईल? मिळेल शून्य. जाईल शेजारची निरोगी झाडं.

वहीत मी हे असं करतो. आतापर्यंतचा खर्च लिहितो, कारण तो लिहिल्याशिवाय मन शांत होत नाही. मग त्यावर आडवी रेघ मारतो, आणि रेघेखाली फक्त उद्यापासूनचा जमा-खर्च मांडतो.

हाच घोळ शिक्षणात होतो आणि तिथे जास्त दुखतो. भाच्याने नीटसाठी एक वर्ष थांबून परत परीक्षा दिली, थोडक्यात हुकलं. दुसऱ्यांदा थांबायचं का, यावर घरात चर्चा चालली तेव्हा प्रत्येक वाक्य "दोन लाख घातलेत" इथूनच सुरू होत होतं. ते दोन लाख दोन्ही वाटांनी गेलेलेच होते. रेघेखाली काय उरलं? आणखी एक वर्षाची फी आणि राहण्या-जेवण्याचा खर्च, बी.एस्सी. नर्सिंग किंवा बी.फार्म.चं एक वर्ष लांबणं, आणि दुसऱ्या प्रयत्नात गुण किती वाढले होते यावरून तिसऱ्यात किती वाढतील याचा अंदाज. गुण बऱ्यापैकी वाढले होते, म्हणून तो थांबला. आणखी एखाद्या घरात याच हिशोबाचं उत्तर उलटं येईल. उत्तर काहीही येवो, ते गेलेल्या दोन लाखांवरून ठरायला नको.

४. "सरासरी किती" नको, "आणखी एक किती" विचारा

जानेवारीत कपाशी काढायची की फरदड ठेवायची, म्हणजे तीच झाडं पाणी देऊन आणखी वेचणीसाठी राखायची, हा प्रश्न आपल्याकडे दर वर्षी येतो. "एकरी आठ क्विंटल निघाला, चांगलं रान आहे, राहू दे अजून" असं म्हटलं जातं. पण आठ क्विंटल आधीच घरात आले आहेत. प्रश्न नवव्याचा आहे.

आमच्या एका एकराचा हिशोब असा होता. फरदडीत फार तर दीड क्विंटल निघेल, त्यात कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, जास्त, म्हणून सहा हजारांचाच भाव धरला: नऊ हजार. वेचणी किलोला बारा रुपये, म्हणजे अठराशे. दोन पाणी आणि एक फवारणी मिळून सव्वीसशे. उरतात चार हजार सहाशे. बरं वाटतं. पण दुसरा रकाना उघडा. रान मोकळं केलं तर उन्हाळी बाजरी घेता येत होती, आणि धान्य नि चारा मिळून आमच्या अंदाजाने सात हजार उरत होते. फरदड ठेवणं म्हणजे चोवीसशेंचा तोटा.

शिवाय गुलाबी बोंडअळी. फरदडीत तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि पुढच्या हंगामात ती सगळ्या शिवाराच्या बोकांडी बसते. म्हणूनच कृषी विभाग दर वर्षी डिसेंबरअखेर कपाशी काढायला सांगतो. आपल्या फायद्याचा काही खर्च शेजाऱ्याला सोसावा लागतो, त्याला बाह्य परिणाम म्हणतात. मी वहीत त्यासाठी वेगळी ओळ ठेवली आहे: "याचा त्रास दुसऱ्या कुणाला?" रुपये लिहिता आले नाहीत तरी नाव लिहितो. शेजारच्या नानांचं नाव वहीत दिसलं की निर्णय सोपा होतो.

घरातही हाच प्रश्न विचारता येतो. चौथी शिकवणी लावायची का? तीन शिकवण्यांचा फायदा किती झाला हे न विचारता चौथीने काय वाढेल आणि पोराची कुठली झोप जाईल, ते विचारा.

५. थांबण्याची किंमत काढा

आता परत त्या अठरा क्विंटलवर येतो. हा हिशोब मी डिसेंबर २०२२ मध्ये करायला हवा होता. केला जुलै २०२३ मध्ये.

डिसेंबरात विकला असता तर: १८ × ८,५०० = १,५३,००० रुपये.

ठेवला तर काय काय होतं?

वजन घटतं. ओल उडते, थोडी नासधूस होते. जूनमध्ये काट्यावर १७.२० क्विंटल भरला.

कर्जाची तारीख येते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्य दोघांची व्याज सवलत मिळते, तारीख चुकली की ती हातची जाते. सवलत जाऊ नये म्हणून मी ३१ मार्चच्या आत साठ हजार भरले, पण ते हातउसने, शेकडा दोन रुपये महिन्याने घेऊन. तीन महिन्यांचे ३,६०० व्याज गेलं.

म्हणजे जूनमध्ये डिसेंबरइतकेच पैसे हातात पडायला किती भाव हवा होता? १,५३,००० अधिक ३,६०० म्हणजे १,५६,६००. त्याला १७.२० ने भागा. ९,१०५ रुपये. भाव तेवढा झाला असता तर आम्ही फक्त जिथल्या तिथे असतो. त्याच्यावर जे मिळालं असतं ते थांबण्याचं बक्षीस.

हा आकडा डिसेंबरात भिंतीवर लिहिलेला असता, तर आमचं बोलणंच बदललं असतं. "दहा हजार होईल का?" ऐवजी "९,१०५ च्या वर जाईल असं मानायला माझ्याकडे काय कारण आहे?" असा प्रश्न आला असता. माझ्याकडे एकच कारण होतं: आदल्या वर्षी गेला होता. ते कारण नव्हे, ती आठवण होती. प्रत्यक्षात १७.२० क्विंटलचे ६,९०० प्रमाणे १,१८,६८० आले. भावातलं आणि वजनातलं ३४,३२० नुकसान, वर ३,६०० व्याज. एकूण ३७,९२० रुपये.

ही रीत तुम्हाला पुढचा भाव सांगणार नाही. ती फक्त किती भावाला थांबणं परवडेल ते सांगते. ज्यांच्या अंगावर कर्ज नाही, घरात कोरडी जागा आहे, त्यांचा आकडा माझ्याहून बराच खाली येईल. म्हणून "अमक्याने ठेवला, मग मीही ठेवतो" याला अर्थ नाही; त्याची थांबण्याची किंमत वेगळी, तुमची वेगळी.

तेव्हापासून मी तीन वाटे करतो. एक वाटा पहिल्या वेचणीनंतर, देणी भागवायला. दुसरा ३१ मार्चच्या आत. तिसरा राहिला तर राहिला. सगळ्यात वरचा भाव यात कधीच सगळ्या मालाला मिळत नाही, पण सगळा माल सगळ्यात खालच्या भावातही सापडत नाही. सीसीआयच्या, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हमीभावाने घालायचा असेल तर ओल बारा टक्क्यांच्या वर गेलेली चालत नाही. माल वाळवायचे दिवसही मुदतीत धरा.

इथेच आणखी एक सांगतो, कारण हे मी स्वतः वर्षानुवर्षं केलं. बियाण्याच्या पाकिटामागे पन्नास रुपये वाचावेत म्हणून आपण दुसऱ्या तालुक्याच्या दुकानात जातो. चार पाकिटांचे दोनशे वाचतात. तेच कापूस विकताना, क्विंटलला पन्नास जास्त देणारा दुसरा व्यापारी आहे का, म्हणून दोन फोन करत नाही. अठरा क्विंटलचे नऊशे होतात. पाकिटावर पन्नास मोठे दिसतात, ८,५०० च्या शेजारी ते बारीक दिसतात. रुपया तोच असतो. टक्का बघू नका, एकूण रक्कम आणि ती मिळवायला गेलेला वेळ बघा. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा "जळगावला जाऊन खरेदी स्वस्त पडते" असं घरोघरी म्हणू लागले. तिकीट अर्धं झालं, दिवस अर्धा झाला नाही.

६. जास्त व्याज दिसलं की विचारा: हे कशाचे पैसे देतायत?

या पायरीवर सावकाश वाचा. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये किती घरांचा पैसा अडकला, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. माझ्या काकूंचे अडीच लाख एका पतसंस्थेत अडकले. काका गेल्यानंतर मिळालेले पैसे होते ते. बँक सात टक्के देत होती, पतसंस्था बारा. वर्षाला साडेबारा हजार जास्त, महिन्याला हजारावर. काकूंच्या औषधाचा खर्च त्यात निघत होता, म्हणून त्यांना दोष देता येत नाही.

तेव्हा मला हिशोब येत नव्हता, आज येतो. अडीच लाखांना साडेबारा हजारांनी भागा: वीस येतात. अशा वीस संस्थांपैकी वर्षाला एक जरी बुडत असेल, तर ते पाच टक्के जास्त व्याज सरासरीने पूर्ण धुऊन जातं. म्हणजे ठेव ठेवताना विचारायचा प्रश्न असा: "ही संस्था या वर्षी बुडण्याची शक्यता विसात एकाहून कमी आहे, हे मी कशावरून म्हणतो?" व्यवस्थापक ओळखीचा आहे, फलक मोठा आहे, उद्घाटनाला मोठी माणसं आली होती, यातलं काहीच त्याचं उत्तर नाही.

दुसरं, सरासरी ही ज्याच्याकडे वीस ठिकाणी पैसे आहेत त्याच्या कामाची. काकूंचे सगळे पैसे एकाच ठिकाणी होते. त्यांच्यासाठी विसात एक म्हणजे एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही. जो पैसा बुडाला तर सावरता येणार नाही, त्याला जास्त व्याजाच्या मागे लावू नका.

तिसरं, कागदावरचा फरक. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंत आहे. त्याआधी बरीच वर्षं तो एक लाखच होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थांना नाही. "बँक" आणि "पतसंस्था" या दोन शब्दांतला हा फरक पावती घेण्याआधी वाचा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. काकूंना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मीही नाही.

७. समोरच्याला काय माहीत आहे आणि त्याचा फायदा कशात आहे?

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणती माणसं आधी जनावराचे दात बघतात, मग चालवून बघतात, मग भावाचं बोलतात. विकणाऱ्याला घोड्याचं सगळं माहीत असतं, घेणाऱ्याला थोडंच. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून हेच मांडलं, आणि २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसलं की तो सगळ्यालाच मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या मालाचा धनी विकायला येत नाही, आणि बाजारात खराब मालच उरतो.

म्हणून जुना ट्रॅक्टर, जुनी मोटारसायकल, तयार घर घेताना विकणाऱ्याला एकच विचारा: "आठ दिवस चालवून मग पूर्ण पैसे दिले तर चालेल का?" ज्याला आपल्या मालाची खात्री आहे त्याला हे स्वस्त पडतं, ज्याला नाही त्याला महाग. त्याच्या उत्तरातून तुम्हाला न दिसणारं बरंच कळतं.

सल्ला देणाऱ्यालाही हेच लावा. औषधाच्या दुकानातला माणूस तुमच्या पिकावरचा रोग ओळखत असेलही, पण त्याची कमाई बाटलीवर आहे. विमा विकणाऱ्याची कमाई हप्त्यावर. ते खोटं बोलतात असं नाही. पण ज्याला तुमच्या हो किंवा नाहीने काही मिळत नाही, अशा एकाला आणखी विचारा. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभागाचा गावातला माणूस, नाहीतर ज्याने ते औषध गेल्या वर्षी मारलं तो शेतकरी.

८. जे रुपयात मावत नाही ते कुणाला तरी विचारा

वही सुरू केल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हिशोब मांडला. ज्वारी, तीळ, जळण, आणि मुख्य म्हणजे बायको, वहिनी आणि शेजारच्या तिघींचे चार दिवस. मजुरी धरली तर घरचे बिबडे विकतपेक्षा महाग पडत होते. कुरडया, शेवयांचंही तेच. मी जेवताना सांगून टाकलं, यंदा विकत आणू.

बायको म्हणाली, "आमचे दिवस तुम्ही धरले, चांगलं केलं. पण ते कशात गेलेले आम्हाला चालतात, ते नाही विचारलं." वर्षभरात त्या पाच जणी गच्चीवर एकत्र बसतात, ते याच चार सकाळी. त्या त्यांना कष्ट म्हणून नको नव्हत्या, हव्या होत्या. आणि ज्या कामाला त्या खरंच कंटाळल्या होत्या, रोज लांबच्या नळावरून पाणी भरणं, ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

त्या वर्षी बिबडे घरीच झाले आणि बिबड्यांच्या आधी टाकी आणि नळजोडणी झाली. माझं गणित चुकलं नव्हतं. त्यातला एक आकडा मी स्वतःच्या मनाने भरला होता, आणि तो माझा नव्हता. ज्याचा वेळ जातो त्यालाच त्याची किंमत विचारा. आईला दवाखान्यात घेऊन जाणं, बहिणीच्या लग्नात आठ दिवस राबणं, याला रुपये लावू नका. पण त्यातून काय सुटतं तेवढं लिहा, म्हणजे जे करतोय ते पूर्ण कळून करतोय एवढं तरी होतं.

९. आखाजीला वही उघडा

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतीचं वर्ष बदलतं, सालदाराचं, वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, नवं साल ठरतं. मी त्याच दिवशी दुपारी, पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण झाल्यावर, वही उघडतो. प्रत्येक निर्णयापुढे मी त्या वेळी काय होईल असं लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे शेजारी शेजारी लिहितो. यात एक नियम कडक पाळा: जुना अंदाज खोडायचा नाही. मन फार लवकर "मला तेव्हाच वाटलं होतं" म्हणायला लागतं. पेनने लिहिलेलं असलं की त्याला तसं म्हणता येत नाही.

निर्णय चांगला आणि निकाल चांगला, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कापूस तीन वाट्यांत विकला आणि नंतर भाव चढला, तर निकाल वाईट, निर्णय नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीन वाटेच करायचे.

गेल्या आखाजीला नऊ नोंदी होत्या. सहा अंदाजाच्या जवळपास निघाल्या. तिन्ही चुकलेल्यांत मी दुसऱ्या रकान्यात वेळ कमी धरला होता, तिन्ही वेळा बायकोचा. आता तो आकडा वहीत तीच भरते.